जावा सोडण्याआधी

चार वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम झाल्यावर आता गो ही दुसरी भाषा शिकावी की जावातच खोल उतरावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी आधी विचारेन, तुम्हाला येते ती जावा कुठली? बऱ्याच प्रकल्पांत अजून २०१४ ची आवृत्ती, जावा ८ च चालते. २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवायचे हलके धागे, आले. ज्या हलक्या गोरुटीनसाठी, म्हणजे गोमधल्या अशाच धाग्यांसाठी, लोक गोकडे वळतात, तसं बरंचसं काम त्यांतही होतं. ते वापरून पाहिलंय का?

मी सहाव्या वर्षी पायथनकडे वळलो. वाक्यरचना पंधरा दिवसांत हाताखाली आली. मेमरी का फुगते, डेटाबेसचं लॉक कुठे अडकतं, हे हुडकायची सवय मात्र जावातच लागली होती, आणि तीच कामी आली. अडलो ते आकडेमोडीला थ्रेड वाढवले तेव्हा. नेहमीच्या पायथनमध्ये जीआयएल या आतल्या कुलुपामुळे एका वेळी एकच थ्रेड बाइटकोड (प्रोग्रॅमच्या आतल्या सूचना) चालवतो, त्यामुळे वेग वाढेचना. शेवटी वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारे प्रोग्रॅम, कराव्या लागल्या.

म्हणून नोकरी बदलायची घाई नसेल, तर सध्याच्या कामातलीच एखादी छोटी सेवा (सर्व्हिस) घरी गोमध्ये लिहून पाहा. तिथे जावासारखे एक्सेप्शन (चूक झाली की काम तोडून वर फेकली जाणारी सूचना) नाहीत, एरर परत येते आणि दर वेळी तपासावी लागते. महिनाभर हे पटतंय का ते बघा, मग ठरवा.