मदत हवी आहे: घरकाम व्यायामात धरायचं का?

नमस्कार मंडळी,

वय ४८, डोंबिवलीत राहते. गेल्या महिन्यात नवऱ्याची आणि माझी रक्ततपासणी एकत्रच केली. त्याचं एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) ५.५, माझं ६.१. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर आहात, चालायला लागा. मी म्हटलं, पहाटे पाचपासून पायावरच तर असते! त्यांनी एवढंच विचारलं, "दम लागतो का?" खरं सांगायचं तर नाही लागत. ओट्यापाशी पाय भरून येतात, पण धाप नाही. पुढे ऑफिसात आठ तास खुर्ची.

नवरा रोज पाऊण तास मित्रांबरोबर चालतो, येताना टपरीवर चहा-वडापाव. तरी रिपोर्ट चोख. राग येतो हो! कंबर मोजली तर दोघांचीही ८८ सेंमी. पण आपल्याकडे पुरुषांना ९० पर्यंत चालतं, बायकांना ८०. एकाच टेपवर तो पास, मी नापास.

आईला मधुमेह होता. माझी पाळी गेल्या वर्षी थांबली. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. घरकाम मोजायचं की नाही? आणि वेळ कुठून काढू?

प्रतिसाद १
मोजायचं, पण सगळं नाही. काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला तर ते मध्यम व्यायामात धरतात. खसाखसा फरशी पुसणं धरा, पोळ्या लाटणं सोडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आहेत, शिवाय दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. सलग दहा मिनिटं हवीत ही जुनी अटही आता नाही, त्यामुळे स्टेशनपर्यंत झपझप गेलात तरी जमेला धरा.
आणि नवऱ्याशी बरोबरी करू नका. २०२४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. अकाली मृत्यूचा धोका पुरुषांमध्ये आठवड्याला ३०० मिनिटांच्या व्यायामाने जितका कमी दिसला, तितका बायकांमध्ये १४० मिनिटांतच.

प्रतिसाद २
पाळी गेल्यावर पोटाचा घेर वाढतो, स्नायू उतरतात. आणि जेवणानंतरची साखर बरीचशी स्नायूच ओढून घेतात. म्हणून नुसतं चालणं पुरे नाही. खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. गुडघा फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच सुरुवात करा. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर फिरा. माझ्या आईला यानेच फरक पडला, मात्र तिची गोळी चालूच आहे.

धागाकर्ती
धन्यवाद! फिजिओची वेळ घेतली आहे. जेवणानंतर ओटा आवरण्यात माझा अर्धा तास जातो. नवऱ्याला सांगितलंय, रात्रीचा ओटा आजपासून तुझा. त्याने मान तरी डोलावली आहे. चालायला बूट कसे घ्यावेत, कुणी सांगेल का? सध्या चपलांवरच फिरते आहे.