वाहनावरच्या मास्ट-सेन्सरचं एरर बजेट: ५ किमीवर ३० मीटर बसत का नाही?

नवा_सिस्टिमवाला

सर्किट डिझाइनकडून नुकताच सिस्टिम्सकडे आलोय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आकडे मुद्दाम बदलले आहेत, कुठल्याही प्रकल्पाचे नाहीत.

मांडणी अशी: गाडीवर ३ मीटरचा टेलिस्कोपिक मास्ट, वर पॅन-टिल्ट, त्यावर थर्मल कॅमेरा, डे कॅमेरा, १.५४ मायक्रॉनचा लेझर रेंज फाइंडर आणि डिजिटल मॅग्नेटिक कंपास. जीपीएस गाडीच्या छतावर. मागणी: ५ किमीवरच्या लक्ष्याचं स्थान ३० मीटर सीईपीच्या (निम्मे बिंदू ज्यात पडतात त्या वर्तुळाची त्रिज्या) आत.

डेटाशीट म्हणते: कंपास ०.५° आरएमएस, रेंज ±५ मी, जीपीएस ५ मी सीईपी. सरळ बेरीज केली की ५४ मी येतात, वर्गांची बेरीज करून मूळ काढलं तर ४४. दोन्ही नापास. तरी जुन्या फाइलीत याच भागांपुढे ‘पास’ लिहिलंय.

मैदानात तर गाडी जागच्या जागी उभी असताना नुसतं हेड फिरवलं तरी चूक १५० ते ३०० मीटरमध्ये खालीवर होते. कंपासचं कॅलिब्रेशन दोनदा करून झालं. घोळ हिशेबात आहे की कंपासमध्ये?

उत्तरेचा_शोध

दोन्हीकडे आहे, पण वेगवेगळा.

आधी हिशेब. तुम्ही तीन जातींचे आकडे एका टोपलीत टाकलेत. ०.५° आरएमएस म्हणजे एक सिग्मा (प्रमाण विचलन), ५ किमीवर ४३.६ मी, आणि तोही फक्त आडव्या दिशेत. जीपीएसचा ५ मी सीईपी म्हणजे प्रत्येक अक्षावर ५ भागिले १.१७७, साधारण ४.२ मी सिग्मा. रेंजचा ±५ ही मर्यादा आहे, सिग्मा नाही. सपाट वितरण धरलं तर ५ भागिले √३, म्हणजे २.९ मी. आता अक्षानुसार जोडा: आडव्या दिशेत ४३.८, दृष्टिरेषेच्या दिशेत ५.१. ही वर्तुळ नाही, लांबट काकडी आहे. इतक्या लांबट वितरणाचा सीईपी मोठ्या सिग्माच्या ०.६८ ते ०.६९ पट येतो, म्हणजे बरोबर ३० मी. फाइलीतला ‘पास’ तिथून आलाय.

गणित म्हणून तो खोटा नाही, पण त्यात मार्जिन शून्य आहे. शिवाय सीईपी म्हणजे निम्मेच बिंदू आत. याच सिस्टिमचे ९० टक्के बिंदू धरायचे तर वर्तुळ ७२ मीटरचं लागतं. ग्राहकाला नक्की काय हवंय, ५० टक्के की ९०, हे आजच लेखी विचारा. ट्रायलच्या दिवशी या प्रश्नाचं उत्तर नेहमी तुमच्या विरुद्ध बाजूनेच येतं.

आता कंपास. हार्ड-आयर्न (जवळच्या चुंबकीय लोखंडाची चूक काढणाऱ्या) कॅलिब्रेशनचं गृहीतक असं की त्रास देणारं लोखंड कंपासला जखडलेलं आहे आणि दोघं एकत्र फिरतात. तुमचा कंपास फिरत्या हेडवर आणि लोखंड खाली गाडीत. हेड फिरलं की गाडीचं क्षेत्र कंपासच्या दृष्टीने दिशा बदलतं. दोनदा काय, वीसदा कॅलिब्रेट केलंत तरी ते त्या एका मांडणीपुरतंच खरं.

त्यात विजेच्या तारा. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक दक्षिण भारतात ३८-४० मायक्रोटेस्लाच्या घरात असतो, उत्तरेकडे त्याहून कमी. एकेरी तारेतून १० अँपिअर जात असेल आणि परतीचा मार्ग चॅसिसमधून असेल, तर १ मीटरवर २ मायक्रोटेस्ला. ते आडवं पडलं की ३° गेले, म्हणजे ५ किमीवर २६० मी. हीटर, पंखा, चार्जिंग, जे चालू-बंद होईल त्याप्रमाणे उत्तर सरकत राहणार. परतीची तार सोबत पिळून आणली तर हा भाग बराच कमी होतो, गाडीचं पोलाद मात्र तिथेच राहतं.

थोडक्यात, या मांडणीत कंपास मुख्य संदर्भ म्हणून ठेवूच नका. पर्याय तीन. दोन अँटेनांचं जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांचं) हेडिंग: २ मीटर अंतर ठेवलं तर ०.१° च्या आसपास, स्वस्त, पण जॅमिंग झालं की गेलं. फायबर-ऑप्टिक जायरोचा नॉर्थ-फाइंडर (पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर दिशा काढणारा): महाग, जमायला काही मिनिटं लागतात, त्या वेळात इंजिनाची थरथर आणि वाऱ्यावर डोलणारा मास्ट दोन्ही नकोत. शिवाय त्याची चूक अक्षांशाच्या कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात वाढते, पुण्यात मोजलेला आकडा लेहमध्ये जवळपास १५ टक्क्यांनी बिघडतो. तिसरा पर्याय फुकटचा: नकाशावर ठाऊक असलेल्या खुणेवर क्रॉसवायर धरून दिशा घ्यायची. खूण ३ किमीवर आणि स्थानातली चूक ५ मी असेल तर ०.१° मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये हा मोड ठेवाच, वापरणारे तोच वापरतात.

नकाशावाला

वरच्या उत्तरात एक राहिलं. उत्तर दिशा तीन असतात: खरी, चुंबकीय आणि ग्रिडची. जायरो आणि दोन अँटेना खरी उत्तर देतात, निर्देशांक मात्र यूटीएम ग्रिडमध्ये (झोनवार मीटरच्या चौकटी असलेली नकाशा-पद्धत) मागितले जातात. झोन ४३ चा मध्य रेखांश ७५° पूर्व. पुण्यात ग्रिड-कन्व्हर्जन्स (खऱ्या आणि ग्रिडच्या उत्तरेतला कोन) सुमारे उणे ०.३६°, लेहमध्ये अधिक १.४५°. चिन्हसुद्धा उलट. दुरुस्ती विसरलात तर पुण्यात ३१ मी चूक येते, ती कंपासच्या नावावर खपून जाते. लेहमध्ये तीच १२६ मी होते.

कोडमध्ये कन्व्हर्जन्सचं चिन्ह तपासायला झोनच्या दोन्ही बाजूंचा एकेक बिंदू टेस्ट-केसमध्ये घाला. एकाच गावात तपासलेलं चिन्ह तपासलेलं नसतंच. आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर (नकाशाचा जुना पृथ्वी-संदर्भ) आहेत. त्यावरून खुणेचे निर्देशांक काढून डब्ल्यूजीएस-८४ मध्ये (जीपीएसचा संदर्भ) तसेच चिकटवले तर शंभराहून जास्त मीटरने फसाल.

सरळरेघ

उत्तर कितीही चांगली मिळाली तरी ती खालून वर हेडपर्यंत पोचवायची कशी, हा निम्मा प्रश्न उरतो.

मास्ट वाकणं आणि मास्ट पिळणं वेगळं धरा. सकाळचं ऊन एका बाजूने लागलं, ३ मी उंच, १५० मिमी व्यासाच्या ॲल्युमिनियम नळीच्या दोन बाजूंत ५° सेल्सिअसचा फरक पडला, तर टोक २.३ मिलिरेडियन (१ मिलिरेडियन म्हणजे १ किमीवर १ मी) झुकतं. हे मुख्यतः उंचीच्या कोनात जातं, ५ किमीवर लक्ष्याची उंची ११-१२ मी चुकते, आडवं स्थान फारसं नाही. इनक्लिनोमीटर (झुकाव मोजणारा) गाडीत असेल तर त्याला याचा पत्ताच लागत नाही. तो हेडच्या पायाशी, पॅनच्या खाली बसवा.

आडव्या स्थानाला मारतं ते पिळणं. टेलिस्कोपिक मास्टच्या खाचेत ०.१ मिमी ढिलाई, त्रिज्या ७५ मिमी: १.३ मिलिरेडियन. वारा बदलला की हेड त्या ढिलाईच्या एका टोकावरून दुसऱ्यावर जाऊन बसतं. म्हणून शक्य असेल तर दोन्ही अँटेना मास्टच्या माथ्यावरच, आडव्या दांडीवर घ्या. दांडीचं वजन आणि वाऱ्याचा भार वाढतो, त्यावरून मेकॅनिकलवाले भांडतील. भांडू द्या.

एन्कोडर (हेडचा कोन वाचणारा भाग) १६ बिटचा असला की लोक निर्धास्त होतात. एक बिट ०.१ मिलिरेडियनचा, खरं आहे. पण ५० मिमी त्रिज्येची चकती ५० मायक्रॉन केंद्र सोडून बसली तर प्रत्येक फेरीत एकदा १ मिलिरेडियन चूक येते. समोरासमोर दोन रीड-हेड लावून सरासरी घेतली की ती कटते.

आणि वेळ! ३०° प्रति सेकंद पॅन चालू असताना लेझर मारला आणि कोन ४० मिलिसेकंद शिळा निघाला तर १.२° गेले, म्हणजे १०५ मी. एन्कोडरचं वाचन लेझरच्या फायर-पल्सवर हार्डवेअरमध्ये लॅच करा, म्हणजे त्याच क्षणी गोठवा. ‘सॉफ्टवेअरमध्ये टाइमस्टॅम्प आहे’ हे उत्तर ऐकून घेऊ नका, टाइमस्टॅम्प कुठल्या क्षणाचा ते विचारा. बहुतेक वेळा तो पॅकेट पोचल्याचा असतो.

रेंजची एक चूक या वर्गमुळात बसवायची नाही. लेझरचा पसारा ०.५ मिलिरेडियन, ५ किमीवर ठिपका २.५ मी. बोअरसाइट (लेझर आणि कॅमेऱ्याच्या अक्षांची जुळणी) तेवढाच सरकला असेल तर ठिपका लक्ष्यावर पडतच नाही, मागच्या टेकडीवर पडतो आणि रेंज चारशे मीटर जास्त येते. ही गाउसियन नव्हे, सरळ सपशेल चूक. तिचा उपाय आकडेमोडीत नसून पहिला आणि शेवटचा परावर्तित पल्स दोन्ही दाखवण्यात आहे. बोअरसाइट कॉलिमेटरवर (समांतर किरण देणाऱ्या उपकरणावर) तपासताना झूमच्या प्रत्येक एफओव्हीला (दृश्यक्षेत्राला) वेगळा तपासा, थर्मल लेन्सचा गट सरकला की अक्षही थोडा सरकतो. ५५° सेल्सिअसवरची तपासणी तापमान-चेंबरची खिडकी न उघडता घ्या. बाहेर काढून मोजायला लागेपर्यंत सांगाडा निवलेला असतो.

तार_आणि_तावदान

विद्युत बाजूने दोनच गोष्टी, कारण दोन्ही शेवटी याच बजेटला खातात.

एक, गाडी स्टार्ट करताना २८ व्होल्टची लाइन कोसळते. मिल-एसटीडी-१२७५ (लष्करी वाहनांच्या २८ व्होल्ट पुरवठ्याचं अमेरिकी मानक) च्या ‘ई’ आवृत्तीत पहिल्या एका सेकंदाला १२ व्होल्ट, मग क्रँकिंगला १६ व्होल्ट ३० सेकंदांपर्यंत. ‘डी’ मध्ये पहिला आकडा ६ आहे, करारात कुठली आवृत्ती आहे ते बघा. जायरो या क्षणी रीसेट झाला तर जमवलेली उत्तर गेली. कपॅसिटरने भागवायचं म्हटलं तर ४० वॅट एक सेकंद म्हणजे ४० ज्यूल, २८ वरून १६ पर्यंत उतरू देऊन ०.१५ फॅरड लागतो. त्यापेक्षा ९ व्होल्टपासून चालणारा कन्व्हर्टर घ्या. ‘डी’ असेल तर जायरोपुरती छोटी बॅटरी.

वरच्या टोकाला १०० व्होल्ट, ५० मिलिसेकंद, स्रोताचा रोध अर्धा ओहम. इथे १.५ किलोवॅटचा टीव्हीएस (जादा व्होल्टेज शोषणारा डायोड) लावून मोकळं होणारे खूप. तो आकडा मिलिसेकंदाच्या पल्सचा आहे. ४५ व्होल्टला दाबायला गेलात तर ११० अँपिअर, ५ किलोवॅट, तेही ५० मिलिसेकंद. टीव्हीएसचा कोळसा होतो. पुढे मॉसफेटचा सर्ज-स्टॉपर लावा, ३६ व्होल्टवर अडवा, आणि मॉसफेट निवडताना ऑन-रोध बघू नका, ६४ व्होल्ट × १.३ अँपिअर ५० मिलिसेकंद सोसतो का ते एसओए (सुरक्षित वापराच्या मर्यादा) आलेखावर बघा. टीव्हीएस ठेवा, पण २५० व्होल्टच्या ७० मायक्रोसेकंदांच्या स्पाइकपुरता.

दोन, इथरनेटचा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा. त्याचा ६३ वा हार्मोनिक १५७५.००. जीपीएसचा एल-१ १५७५.४२, मुख्य लोब दोन्ही बाजूंना १.०२ मेगाहर्ट्झचा. म्हणजे बरोबर पोटात. कॅमेरा हेडला आणि अँटेना दांडीवर आणल्या की अंतर अर्ध्या मीटरवर येतं आणि आरई-१०२ (रेडिओ उत्सर्जनाची लष्करी चाचणी) पास असूनही सिग्नल-नॉईज ५-६ डीबीने पडतो, कारण ती मर्यादा तुमच्याच जीपीएस रिसीव्हरची काळजी घेण्याइतकी कडक नाही. केबलचं शील्ड कनेक्टरला ३६०° बांधा, शेपटी काढून स्क्रूला लावू नका. तपासणी सोपी: आकाश मोकळं असताना कॅमेरा बंद-चालू करून प्रत्येक उपग्रहाचा सी/एन-झिरो (सिग्नल-नॉईजचं माप) नोंदवा.

नवा_सिस्टिमवाला

कंपास फक्त बॅकअपला ठेवतो. नवं बजेट, सगळं मिलिरेडियन, एक सिग्मा: उत्तर २.०, उत्तर-ते-हेड जोडणी १.०, मास्ट पिळणं १.३, एन्कोडर ०.५, बोअरसाइट ०.५, वेळ ०.३, राखीव १.५. एकूण ३.१, म्हणजे ५ किमीवर १५.४ मी. जीपीएस धरून १६. सीईपी १२ च्या आसपास, ९० टक्के २७-२८ च्या आत. विचारलं तेव्हा ग्राहकाने ९०च सांगितलं! ट्रायलला ६० शॉट पुरतील का?

उत्तरेचा_शोध

एका जागी उभं राहून ६० मारले तर ते ६० नाहीत. त्या सगळ्यांत उत्तरेची चूक एकच आहे, तेव्हा मोठ्या घटकापुरता तो एकच नमुना. गाडी हलवा, वीज बंद करा, मास्ट खाली-वर करा, पुन्हा उत्तर जमवा: अशा २० मांडण्या, प्रत्येकीत ३ लक्ष्यं. लक्ष्यांचे बिंदू आरटीकेने (जीपीएसच्या अचूक सर्वेक्षण-पद्धतीने) डेसिमीटरपर्यंत बांधलेले असू द्या. निम्म्या मांडण्यांत इंजिन चालू ठेवा, काही सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, नाहीतर मास्टचा आकडा तपासलाच गेला नाही.

राखीव १.५ कुणाला वाटू नका. पहिला मागायला येणारा मास्टवाला असेल.