कॉम्बो अ‍ॅम्पला बाहेरच्या कॅबिनेटसाठी जॅक बसवावा का?

(टोपणनावाने लिहिणाऱ्या तिघांची चर्चा. कॉम्बो म्हणजे अ‍ॅम्प व स्पीकर एकाच पेटीत असलेला गिटारचा अ‍ॅम्प; कॅबिनेट म्हणजे स्पीकरची वेगळी पेटी.)

सहावी तार
फेंडर ब्लूज ज्युनिअर या १५ वॅटच्या ट्यूब (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) कॉम्बोला बाहेरचा स्पीकर जोडण्याची सोय नाही; आतल्या १२ इंची, ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे एकक) स्पीकरची तार थेट चासीतून, म्हणजे अ‍ॅम्पचे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यातून येते. माझ्या मते चासीला भोक पाडून स्विचचा जॅक बसवावा, म्हणजे प्लग घालताच आतला स्पीकर सुटेल आणि ८ ओहमचे कॅबिनेट जोडले जाईल. उघड्या पाठीच्या लहान पेटीत शंकूमागून निघणारी लहर समोरच्या लहरीला कापते व खालचे स्वर विरतात. बंद पेटीत ते भरीव राहतात. शिवाय बाहेरच्या स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच वॅटमध्ये निघणारा आवाज) ३ डेसिबलने अधिक असली, तर अ‍ॅम्पचे वॅट दुप्पट केल्याइतका लाभ होतो.

डाग आणि जोड
लाभाबद्दल वाद नाही. स्विचच्या जॅकला मात्र माझा ठाम विरोध आहे. ट्यूब अ‍ॅम्प भाराविना, म्हणजे स्पीकर न जोडता वाजला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या (ट्यूब व स्पीकर यांच्यामधल्या) प्राथमिक वेटोळ्यात व्होल्टेजचे असे उसळे येतात की इन्सुलेशन जळू शकते किंवा ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते. आतल्या स्पीकरचा जोड जॅकमधल्या एका पातळ पत्र्याच्या पातीवर सोपवायचा, ती पाती काळी पडायची, आणि ट्रान्सफॉर्मर बदलण्याची वेळ यायची! फेंडरच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये मुख्य स्पीकरचा प्लग काढला की जॅक आउटपुट शॉर्ट करतो, कारण ट्यूब अ‍ॅम्पला थोडा वेळ शॉर्ट सोसवतो, उघडा भार सोसवत नाही.

त्यापेक्षा आतल्या स्पीकरवरची सरकवून बसवलेली टोके काढावीत, अ‍ॅम्पकडच्या तारेला फिमेल सॉकेट व स्पीकरकडच्या तारेला प्लग जोडावा, म्हणजे त्या सॉकेटात आतला किंवा बाहेरचा स्पीकर लावता येईल. भोक पाडावे लागत नाही. चासीही उघडावी लागत नाही, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण विजेची वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक राहू शकतो.

सहावी तार
पातीचा मुद्दा रास्त आहे. परंतु कार्यक्रमासाठी अ‍ॅम्प टेम्पोतून नेताना पेटीत लोंबणारे सॉकेट हिसक्याने सुटले, तर तोच उघडा भार पदरी पडेल. जॅक कुठे तरी पक्का बसलेला हवाच.

जुनी नळी
आपण दोघेही ट्यूबबद्दल बोलत आहात. बहुतेकांच्या घरी मात्र १० ते २० वॅटचा ट्रान्झिस्टरचा सरावाचा कॉम्बो असतो, आणि तिथे नियम उलटा आहे. भार नसला तरी सहसा बिघडत नाही, पण ठरलेल्यापेक्षा कमी ओहम दिले की विद्युतप्रवाह वाढतो आणि आउटपुटची चिप तापते. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, हे "दोन्ही एकदम वाजवू" म्हणणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावे. काही चिप ब्रिज पद्धतीच्या असतात. त्यांच्या स्पीकरचे एकही टोक चासीला जोडलेले नसते. अशा अ‍ॅम्पच्या चासीवर धातूचा जॅक कसला, तर एक टोक चासीला लागून चिप जाऊ शकते. तिथे प्लास्टिकच्या अंगाचाच जॅक हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो शोधता येईल. आणि कृपा करून गिटारची केबल स्पीकरला लावू नका. तिची आतली तार त्या प्रवाहासाठी फार बारीक असते.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. व्हॉक्स एसी१५ सी१ सारख्या १५ वॅटच्याच कॉम्बोला ही सोय कारखान्यातून येते. ज्याने अजून अ‍ॅम्प घेतलेला नाही, त्याने ही खटपट का करावी?

सहावी तार
कारण मला एसी१५ चा आवाज नको, याच अ‍ॅम्पचा हवा आहे. पेटीच्या आतल्या लाकडी बाजूला स्क्रूने लहान पत्र्याची पट्टी बसवून, तिच्यावर बिनस्विचचा जॅक कसला तर कसे? चासी अबाधित राहते आणि जॅकही पक्का.

डाग आणि जोड
पट्टी चालेल. फक्त स्पीकरचा प्लग बदलताना अ‍ॅम्प पूर्ण बंद करा. स्टँडबाय (ट्यूब गरम ठेवून आवाज थांबवणारे बटण) पुरेसा मानू नका, ब्लूज ज्युनिअरला तर ते बटणच नाही.