आईचा खोकला तीन आठवडे हटत नाही, दवाखान्यात न्यावं का?

प्रश्न: आई ५८ वर्षांची, कराडजवळ गावी असते. आडुळसा झाला, हळद-दूध झालं, मेडिकलमधून आणलेल्या दोन बाटल्या संपल्या. रात्री खोकून उठून बसते. संध्याकाळी अंग कोमट लागतं. म्हणते, "धुळीचा आहे, जाईल." मी पुण्यात. फोनवर तिचा खोकला ऐकला की झोप लागत नाही. थांबू की नेऊ?

उत्तर १: थांबू नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायचीच, सरकारी केंद्रात फुकट होते. संध्याकाळचा ताप मला खटकतोय. माझ्या वडिलांचं असंच होतं, आम्ही दोन महिने काढ्यांत घालवले. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेऊन बरे झाले, पण ते दोन महिने अजून सलतात. आईंचे ब्लाउज सैल झालेत का, विचारा.

उत्तर २: बीपीची गोळी चालू आहे का? रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना पाकीट दाखवा. थुंकीत रक्त किंवा धाप असेल तर आजच न्या.

प्रश्नकर्ता: बीपीची गोळी नाही. ब्लाउज दोनदा आत घेतलेत म्हणाली. रात्रीच्या एसटीने निघतोय.