वॉचमनची तान्ही आणि पावडरचा डबा (बेळगावातल्या आमच्या इमारतीच्या ग्रुपवरून)

सुजाता (२०२): आपल्या वॉचमनच्या बाळाला बघितलाय काय कोण? ९ महिन्यांची आहे म्हणे, ५ महिन्यांची वाटते. सगळ्यांनी शंभर-शंभर काढून पावडरचा डबा आणूया का?

पाटील काका (१०१): माझे २०० धरा. पण पोर रोडकी नाही ओ. गाल बघा की कसे आहेत!

माई (३०३): डबा नको, थांबा जरा. काल दुपारी तिला वर बोलावून घेतलं. टीपॉयवर आडवी निजवली, डोक्याला एक वही, टाचांना एक वही लावून टेपनं मोजली. तीनदा पाय आखडले बयेनं! ६४ सेंटिमीटर भरली. वजन ६ किलो १००, खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर, दुपटं वजा करून. या वयाची मुलगी साधारण ७० सेंटिमीटर, ८ किलोच्या आसपास असते.

पाटील काका: मग गाल?

माई: तिथंच फसतो आपण. लांबीही कमी, वजनही कमी, म्हणून एकाला एक जुळतंय आणि अंग भरल्यागत दिसतं. पोटाला कमी पडलं की शरीर आधी चरबी मोडून खातं, मग दंड-मांड्यांचं मांस. मेंदूला जमेल तेवढं वाचवतं. आणि हे महिनोन्महिने चाललं की लांबी वाढवणंच सोडून देतं. हिचं तसं झालंय, खुंटलीय. दंडाचा घेर मोजायची नोकरीतली पट्टी माझ्याकडं अजून आहे, १२.३ सेंटिमीटर आली, पिवळ्यात, म्हणजे काळजीची. ११.५ च्या खाली लाल. लाल असती तर इथं लिहीत बसले नसते, थेट दवाखान्यात नेलं असतं.

 

कुलकर्णी वहिनी (४०१): माई, आमचा नातू २.६ किलोचा जन्मला, आता बघा कसा गुटगुटीत. म्हणजे भरून निघतं की.

माई: वजन भरलं, पण कशानं ते बघा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी २.७ किलो, इंग्लंडात साउदॅम्प्टनची ३.५. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोट बारीक, पण पाठीवर कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. मांस कमी, चरबी टिकून. पुढच्या मधुमेहाचं मूळ तिथं असावं असं म्हणतात. अशा बाळाला नुसतं गोड चारलं तर वजनाचा काटा हलतो, लांबी तिथंच. लाजच सांगते, माझ्या थोरल्याला मीच चहात बिस्कीट बुडवून चारलंय. तेही अंगणवाड्यांची सुपरवायझर असताना! वजन वाढायचं, मी खूश.

सुजाता: मग पावडर तरी दूधच ना?

माई: आईचं दूध येतंय की. बाटली आली की ते तुटतं. डबा पुरवायला पाणी जास्त घालतात, बाटली नीट उकळत नाहीत, मग जुलाब. जुलाब झाला की मिळवलेलं गेलं. तिची आई काय देते माहीत आहे? डाळीचं वरचं पाणी. त्यात डाळ कुठाय? चमच्यातून ओघळायला नको, चमच्यावर बसलं पाहिजे.

कुलकर्णी वहिनी: नाचणीची पेज?

माई: पेज नको, घट्ट खीर. त्यात चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ मिसळा, दोन उकळ्या येऊ द्या. मोडामुळं घट्ट खीर पातळ होते, म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त बसतं. शेंगदाण्याचं बारीक कूट, थोडं तूप, आणि अंडं चालत असेल तर शिजवून कुस्करून. दिवसातून तीनदा, शिवाय मधे एकदा काहीतरी.

पाटील काका: अंगणवाडीत जात नाहीत काय?

माई: बाळंतपण माहेरी, महाराष्ट्रात चंदगडला झालं. आई-बाळाचं कार्ड तिकडचं, मराठीत. इथलं कर्नाटकातलं कार्ड, थायी कार्ड, नाही म्हणून ती जायलाच लाजते. कार्ड कुठलं का असेना, ६ महिन्यांपुढच्या बाळाला अंगणवाडीचा आहार मिळतो, नावही इकडं बदलून घेता येतं. मंगळवारी मी नेते तिला. कन्नड बोलणारं कोणतरी सोबत या, माझं कन्नड बाजारापुरतंच.

सुजाता: मी येते. आणि जमलेल्या पैशांचं?

माई: नाचणी, मूग, शेंगा आणा. मोड मी काढते.

कुलकर्णी वहिनी: खिरीत मीठ किती घालायचं?

माई: वर्षाच्या आत मीठ कशाला ओ! आणि वहिनी, नातवाला घेऊन या संध्याकाळी. टेप टीपॉयवरच आहे.