मसल्स क्रीममध्ये: सॉस कधी फुटतो, कधी पाण्यासारखा

डचकोकणी
नेदरलँड्समधल्या झेलंडचे मसल्स (काळे शिंपले) बाजारात आले आहेत, १ किलोचे सीलबंद ट्रे. पांढरी वाइन आणि क्रीम घालून फ्रेंच पद्धतीने करायचे आहेत, दोघांच्या जेवणासाठी. बहुतेक पाककृतींत सगळं एकत्र घालून झाकण ठेवा, एवढंच असतं. तसं केलं की सॉस पातळ होतो, वर क्रीमच्या बारीक गुठळ्या तरंगतात आणि मसल्स वातड होतात. क्रीम २० टक्के स्निग्धांशाचं कोकरोम (डच कुकिंग क्रीम). मीठ किती घालायचं? वाइन वगळली तर? आणि तिसऱ्यांसारखे आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचे का?

खलबत्ता
मसल्स आणि क्रीम एकत्र शिजवायचे नाहीत, सगळा घोळ तिथेच होतो. मसल्सना ३-४ मिनिटांची कडक वाफ लागते, क्रीमला मध्यम आचेवर आटणं लागतं. शिवाय किलोभर मसल्स शिजताना कपभर तरी पाणी सोडतात, तेच तुमच्या सॉसमध्ये उतरतंय.

आधी मापाचं बोलू. किलोमागे गर पाव किलोच्या आसपासच निघतो, म्हणून दोघांच्या जेवणाला २ किलो घ्या. पुढची मापं १ किलोची आहेत. जाड बुडाच्या रुंद पातेल्यात २५ ग्रॅम लोण्यावर ३ शॅलट (छोटे कांदे) बारीक चिरून मंद आचेवर परता. मऊ व्हायला हवेत, तांबूस नाही. लसणाची एक पाकळी आणि थाइमची काडी टाका, मग १५० मिली कोरडी पांढरी वाइन (मस्कादे उत्तम). मोठ्या आचेवर निम्मी होऊ द्या. हे टाळलं तर सॉसला कच्च्या वाइनचा आंबट वास राहतो.

आता आच पूर्ण मोठी, मसल्स आत, घट्ट झाकण. दीड मिनिटाने पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा म्हणजे वरचे खाली जातील. तिसऱ्या मिनिटाला झाकण काढा आणि उघडलेले झाऱ्याने लगेच बाहेर काढत राहा. मागे राहिलेल्यांना आणखी एखादं मिनिट द्या. पातेलं अर्ध्याहून जास्त भरू नका, नाहीतर वरचे उघडेपर्यंत खालचे रबर होतात. २ किलो असतील तर दोन घाण्यांत करा.

राहिलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळा. तळाचा चमचाभर ओतूच नका, वाळू तिथेच बसते. पातेल्यात १५० मिली क्रीम आणि तेवढंच हे पाणी घालून मध्यम आचेवर ४-५ मिनिटं आटवा. पळीच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ टिकली की झालं. गॅस बंद करून मिरपूड, मूठभर चिरलेली पार्स्ली, मग मसल्स परत घालून एकदा वरखाली करा. पुन्हा उकळायचं नाही.

आंबटगोड
क्रीमबद्दल: २० टक्केवाल्यात स्निग्धांश कमी आणि दुधाचं प्रथिन जास्त. वाइनचं आम्ल आणि उकळी एकत्र आली की ते प्रथिन गोळा होतं, त्याच तुमच्या गुठळ्या. ३५ टक्क्यांचं स्लाखरोम (फेटायचं क्रीम) घ्या, किंवा तीस टक्क्यांच्या वरचं क्रेम फ्रेश (आंबवलेलं क्रीम). ही दोन्ही उकळी सोसतात. कोकरोमच वापरायचं असेल तर आच बंद केल्यावर घाला आणि दाटपणासाठी १५ ग्रॅम लोणी १५ ग्रॅम मैद्यात मळून त्याचे छोटे गोळे आधीच मसल्सच्या गरम पाण्यात फेटून शिजवून घ्या. चवीला मात्र ते थोडं पिठूळच लागतं.

मीठ अजिबात नाही. मसल्सचं पाणी मुळात समुद्राचं. ते एकटं आटवत बसू नका, खारटपणा वाढतच जातो. आटवायची ती वाइन आणि क्रीम. शिल्लक राहिलेलं पाणी शेवटी चमच्या-चमच्याने, चव घेत घाला.

पाण्यात ठेवण्याची गरज नाही. ट्रेमधले धुतलेले असतात, आणि नळाच्या गोड्या पाण्यात ते मरतात. वाहत्या पाण्याखाली भराभर चोळून घ्या. फुटके टाकून द्या. उघडे असतील त्यांना ओट्यावर टकटक करा, मिनिटभरात मिटले नाहीत तर तेही टाका. कडेला लोंबणारे तंतू शिजवण्याच्या जरा आधी बिजागरीच्या दिशेने ओढून काढा. आदल्या दिवशी काढले तर जीव लवकर जातो. फ्रिजमध्ये ठेवताना भांड्यात ओल्या फडक्याखाली ठेवा, बंद पिशवीत नको.

शिनाणेवाली
गोव्यात, कारवारात हेच करणाऱ्यांसाठी. आपले शिनाणे हिरव्या कडांचे, आकाराने मोठे, त्यांना वाफेची ५-६ मिनिटं लागतात. खडकावरचे असतील तर शिंपांवरचे खरखरीत थर सुरीने खरवडावेच लागतात, आणि पाणी दोनदा गाळायचं. डब्यातलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्याला उकळी दाखवू नका. त्यापेक्षा नारळाचं पहिलं, घट्ट दूध बरं, फक्त तेही खदखदवलं की फुटतं. लिंबू ताटात पिळा.

स्वतः खडकावरून काढून आणण्याआधी मात्र विचारपूस करा. शेवाळाचं विष शिंपल्यांत साठतं, ते शिजवून जात नाही आणि चवीवरूनही कळत नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला मसल्स खाऊन माणसं दगावली होती.

डचकोकणी
म्हणजे क्रीम बदलायचं आणि वेगळं आटवायचं. वाइनचं राहिलं. आणि चिमूटभर करी पावडर टाकली तर फ्रेंच लोक रागावतील का?

खलबत्ता
वाइनऐवजी नॉर्मंडीसारखी कोरडी सायडर (सफरचंदाची दारू) घाला, तेवढीच. मद्यच नको असेल तर १०० मिली पाणी, आणि अगदी शेवटी चमचाभर लिंबाचा रस.

करी पावडरवर रागावायचं कारण नाही. फ्रान्समध्ये ला रोशेलच्या बाजूला मुक्लाद नावाचा मसल्सचा पदार्थ करतात, त्यात क्रीम, अंड्याचा बलक आणि केशर किंवा करी पावडरच असते. पाव चमचा पुरे, शॅलटबरोबर लोण्यावर परतायची, नंतर भुरभुरवली तर कच्ची लागते. बलक घालणार असाल तर दोन बलक ५० मिली क्रीममध्ये फेटा, त्यात एक पळी गरम सॉस हळूहळू मिसळा आणि मग ते पातेल्यात ओता. मंद आचेवर ढवळत राहा. बुडबुडा दिसण्याआधी उतरवलं नाही तर बुर्जी होते.