ग्रेटफुल डेड, 1968-69 : जुन्या लाइव्ह टेप कशा ऐकायच्या, कशा दुरुस्त करायच्या?

गिरगावकर

माझ्याकडे ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या साठच्या दशकातल्या मैफलींच्या काही कॅसेट आल्या आहेत. सगळ्या प्रतीच्या प्रती. कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात केली आहे, पण तीन ठिकाणी अडलंय.

1. एका कॅसेटवर '27-2-69 फिलमोर वेस्ट' (सॅन फ्रान्सिस्कोतला हॉल) असं लिहिलंय. 'लाइव्ह/डेड' या अल्बमवरचं 'डार्क स्टार' याच रात्रीचं आहे ना? पण कॅसेटवर ते चढं वाजतं. शिवाय त्याच्या आधी एक संथ, अकूस्टिक गिटारवरचं गाणं आहे, ते अल्बमवर नाही. मग तारीख चुकीची समजायची का?

2. दुसरीवर फक्त '68' लिहिलंय. त्यात गाणं पूर्ण एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात. हेडफोन लावून दहा मिनिटंही ऐकवत नाही. गिटार तर फारच बारीक येते.

3. 'द इलेव्हन'मधला ताल पकडता येत नाही. दर आवर्तनात कुठेतरी निसटतो.

आणि हे सगळं झाल्यावर पुढे काय ऐकावं, तेही सांगा.

---

रीळवाला

तारीख बहुधा बरोबर आहे. 27 फेब्रुवारी 1969 ला दुसऱ्या सत्राची सुरुवातच अकूस्टिक होती : 'डुप्रीज डायमंड ब्लूज', मग 'माउंटन्स ऑफ द मून', आणि त्यातूनच न थांबता 'डार्क स्टार'. अल्बममध्ये हा आधीचा भाग कापून 'डार्क स्टार' हळूहळू वर येताना दाखवलंय. तुमच्या कॅसेटवरचं संथ गाणं म्हणजे 'माउंटन्स ऑफ द मून'. मात्र त्या हिवाळ्यात ही जोडी त्यांनी इतर रात्रीही वाजवली आहे, त्यामुळे एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. अल्बम आणि कॅसेट शेजारी ठेवून पहिल्या कडव्याच्या आधीची दोन-तीन मिनिटं ताडून पाहा. गिटारवादक जेरी गार्सियाने एकच वाक्य दोन रात्री तसंच्या तसं वाजवलंय असं होत नाही. तिथे जुळलं की रात्र तीच.

आता चढ्या सुराचं. 'डार्क स्टार' पांढरी सहात आहे. हार्मोनियम किंवा गिटार घेऊन तपासा. तुमच्याकडे काळी पाच लागत असेल तर टेप अर्ध्या स्वराने, म्हणजे जवळपास 6 टक्के वेगाने धावतेय. कॅसेटच्या प्रतींमध्ये हे सर्रास होतं : एक डेक थोडा हळू चालणारा, त्यावर रेकॉर्ड केलेली टेप दुसऱ्या, थोड्या जलद डेकवर लावून पुढची प्रत काढलेली. चुका एकमेकींत मिसळत जातात.

किती टक्के चूक आहे ते मोजायचे तीन मार्ग आहेत. तुमच्या बाबतीत पहिलाच सगळ्यात सोपा.

पहिला, अल्बमशी वेळ ताडणं. पहिल्या कडव्याचा पहिला शब्द (अल्बमवर साधारण सहाव्या मिनिटाला) ते शेवटाकडच्या दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द, एवढं अंतर दोन्हीकडे सेकंदात मोजा. समजा अल्बमवर 900 आणि कॅसेटवर 850 आलं, तर 850 भागिले 900, म्हणजे 0.944. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पीड बदलण्याच्या इफेक्टमध्ये हाच गुणक घाला. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा इफेक्ट घ्यायचा. नुसता टेम्पो बदलणारा किंवा नुसता पिच बदलणारा घेतलात तर आवाज चिरतो आणि मूळ चूक तशीच राहते. मधे कॅसेटची बाजू उलटली असेल तर मात्र हा हिशेब करू नका, कारण तिथे काही सेकंद हरवलेले असतात.

दुसरा, विजेची गुणगुण. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची. मूळ टेपवर अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण 60, 120, 180, 240 अशी बसलेली असते. दोन गाण्यांमधली दहा-पंधरा सेकंदांची शांत जागा निवडा, ऑडॅसिटीतला 'प्लॉट स्पेक्ट्रम' हा आलेख उघडा, साइझ 65536 ठेवा. 60 वर मोजू नका, तिथे आलेखातल्या एका घराची चूकही एक टक्क्यावर जाते. 180 किंवा 360 जवळचं टोक बघा. ते 180 ऐवजी 190.7 ला दिसलं तर 180 भागिले 190.7, पुन्हा 0.944. भारतात एक काळजी जास्तीची : कॅसेट इथे वाजवताना आपली 50 हर्ट्‌झची गुणगुणही आत शिरते, ती 50, 100, 150, 300 वर असते. 300 दोन्हींच्या पाढ्यात येतो, म्हणून तो टाळायचा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो : ऑर्गन. हॅमंड कंपनीच्या ऑर्गनची चाकं विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेल्या मोटरवर फिरतात, त्यामुळे तो सुरात लावता येतच नाही, कायम 440 वरच असतो. गिटारवाले त्या रात्री थोडे चढे-उतरे लावलेले असू शकतात, हॅमंड नाही. ऑर्गनचा लांब धरलेला एखादा सूर शोधा आणि ट्यूनरला दाखवा.

दोन्ही टोकांना मोजायला विसरू नका. सुरुवातीला 3 टक्के आणि शेवटी 5 टक्के आलं, तर प्रत काढणारा डेक बॅटरीवर होता आणि सेल उतरत होते. टेप हळू होत गेली की ती नेहमीच्या वेगाला लावल्यावर सूर चढत जातो. तिथे एकच गुणक चालत नाही, 'स्लायडिंग स्ट्रेच' लागतो.

आणि चूक साधारण पाऊण स्वराची, म्हणजे 8 ते 9 टक्के निघाली, तर दोष टेपचा नाही. 48 हजारच्या सँपल रेटची (सेकंदाला 48 हजार नमुने) डॅट, म्हणजे डिजिटल, टेप 44.1 हजार समजून वाजवलेली असते, किंवा उलट. तिथे ताणाताणी न करता फाइलचा रेट बदलायचा.

---

खर्जातला

रीळवाला यांनी लिहिलंय ते सगळं कॉम्प्युटरवर घेतल्यानंतरचं. त्याआधी कॅसेट डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, बघा. प्रत ज्या डेकवर काढली त्याचं हेड किंचित कललेलं असतं, तुमचं वेगळ्या कोनात. परिणाम म्हणजे झांजा आणि गिटारची धार जाते. डेकचं अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर ठेवा, हेडशेजारचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू कॅसेट चालू असताना अगदी थोडा-थोडा फिरवा, आणि झांज सगळ्यात चकचकीत येईल तिथे थांबा. दर कॅसेटला पुन्हा करावं लागतं, कधी कधी दर बाजूला. हे आधी न करता नंतर ट्रेबल वाढवलात तर फक्त खरखर वाढते. कॅसेटवर डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) लिहिलेलं नसेल तर डॉल्बी बंदच ठेवा.

दुसऱ्या कॅसेटबद्दल. एका बाजूला गळे, दुसऱ्या बाजूला वाद्यं ही बेअरची, म्हणजे औस्ली स्टॅनलीची, ओळखीची मांडणी आहे. बेअर 1966 मध्ये आणि मग 1968 पासून पुन्हा त्यांचा ध्वनी बघायचा, आणि आपलं काम तपासता यावं म्हणून मैफली टेप करायचा. ती टेप बाजारासाठी नव्हती. मिक्सरमधून हॉलच्या स्पीकरला जे जातं, तेच टेपवर. लहान हॉलमध्ये गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर स्टेजवरूनच कान भरून टाकतात, म्हणून मिक्सरमधून गिटार कमीच पाठवली जायची. गळ्यांना मात्र मिक्सरशिवाय गत्यंतर नाही. म्हणून टेपवर गळे पुढे आणि गिटार बारीक. हॉलमध्ये बसलेल्याला ती तशी ऐकू येत नव्हती.

उपाय : आधी पोलॅरिटी (दोन्ही चॅनेलच्या लहरी एकाच दिशेने आहेत का) तपासा. दोन्ही चॅनेल मिसळून मोनो करा. खर्ज अचानक पातळ झाला तर एक चॅनेल उलटा करून घ्या. मग प्रत्येक बाजूत दुसऱ्या बाजूचा 30-40 टक्के आवाज मिसळा. पूर्ण मोनो नको, थोडी जागा राहू द्या. वाद्यांचा चॅनेल 3-4 डेसिबल वर घेतला तर गिटार समोर येते. स्पीकरवर ऐकणार असाल तर यातलं काहीच न करता दोन्ही स्पीकर एकमेकांना चिकटवून ठेवा. बराच फरक पडतो.

---

गिरगावकर

स्क्रूचा उपाय केला. दुसऱ्या कॅसेटवर झांजा एकदम उघडल्या, आभार! पट्टी तपासली, काळी पाचच आहे, म्हणजे अर्धा स्वर. आज गुणक काढतो.

'68' वालीचा महिना कसा ठरवायचा? दोन ड्रमर ऐकू येतात.

---

उत्तररात्र

माणसांवरून आणि गाण्यांवरून चौकट आखता येते.

दोन ड्रमर असतील तर 1967 च्या सप्टेंबरअखेरीनंतरची. दुसरा ड्रमर मिकी हार्ट तेव्हा आला. टॉम कॉन्स्टँटन ऑर्गनवर असेल तर 1968 चा नोव्हेंबर ते 1970 चा जानेवारी. 'सेंट स्टीफन' असेल तर 1968 च्या मध्यानंतरची. 'केसी जोन्स' असेल तर 1969 च्या जूनच्या आधीची असूच शकत नाही. 'न्यू पोटॅटो कबूस' मुख्यतः 1967-68 चं, आणि 'क्रीम पफ वॉर' तर त्याहूनही जुनं. गाण्यांची यादी इथे टाका, महिना निघेल.

मधेच गाणं तुटत असेल तर बेचैन होऊ नका. 1800 फुटांची रीळ साडेसात इंच वेगाला 48 मिनिटंच चालते, आणि 90 च्या कॅसेटची बाजू 45. 'डार्क स्टार' ते 'लव्ह लाइट' ही सलग मालिका तासाच्या आसपास जाते, म्हणजे कुठेतरी तुकडा पडणारच. तुकडा कुठे पडलाय त्यावरूनही कुठली प्रत कुठून निघाली हे जुळवता येतं, म्हणून तो पुसून गुळगुळीत करू नका.

---

अकरामात्रा

'द इलेव्हन' अकरा मात्रांचं आहे : 3+3+3+2. चार गट आहेत आणि शेवटचा गट एका मात्रेने आखूड. आपण बारा मोजत राहतो आणि सम एक मात्रा आधी येऊन धडकते, तुमचं निसटतंय ते तिथेच. हाताने असं करा : तीन-तीनच्या तीन गटांना टाळी, टाळी, टाळी, आणि दोनच्या गटाला खाली. 'एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन'. आधी फक्त फिल लेशचा बास धरा, ड्रम सोडून द्या. दोन ड्रमर मधे आडवे जातात, बास गटाची सुरुवात दाखवत राहतो. बैठक बसली की मग ड्रमकडे या.

हे अमेरिकन रॉकमध्ये आलं त्यात आपल्याकडचा खरा हात आहे. मिकी हार्ट 1967 पासून उस्ताद अल्लारखाँकडून ताल समजून घेत होता, आणि आवर्तन पोटात धरून वर मोकळं वाजवायचं ही गोष्ट त्याने बँडमध्ये आणली. रुद्र ताल किंवा चार ताल की सवारी ज्यांनी ऐकलीय त्यांना अकरा परके वाटायचे नाहीत, फक्त विभाग वेगळे आहेत. पुढे झाकिर हुसेन आणि हार्ट यांच्या 'दिगा ऱ्हिदम बँड'चा 'दिगा' हा अल्बम 1976 मध्ये आला. आणि बेअरच्याच टेपमधून उस्ताद अली अकबर खाँ यांची 29 मे 1970 ची सॅन फ्रान्सिस्कोमधली मैफल 2020 मध्ये प्रसिद्ध झाली, तबल्यावर झाकिरजी, सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य. त्या माणसाच्या टेपचं मोल कळायला ही एक मैफल पुरेशी आहे.

'डार्क स्टार'साठी एक सूचना. कॉर्ड शोधू नका. सा पांढरी सहा, नी कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे खमाज थाटाची चौकट. गार्सिया सुरुवातीला त्या चौकटीत बढत करतो आणि कडव्यानंतर चौकट सोडतो. कुठे सोडतो ते ऐका.

---

रीळवाला

पुढे काय ऐकावं, याचं माझं उत्तर.

'लाइव्ह/डेड' पुन्हा, पण ते कसं जोडलंय हे माहीत असताना. 'डार्क स्टार' आणि 'सेंट स्टीफन' 27 फेब्रुवारीचं, 'द इलेव्हन' आणि 'लव्ह लाइट' 26 जानेवारीचं, अवॅलॉन बॉलरूममधलं, 'डेथ डोन्ट हॅव नो मर्सी' आणि 'फीडबॅक' 2 मार्चचं. 'सेंट स्टीफन'कडून 'द इलेव्हन'कडे जाताना आपण एका महिन्याने मागे जातो आणि ते जाणवत नाही. बॉब मॅथ्यूज आणि बेटी कँटर यांनी हे अँपेक्सच्या 16 ट्रॅक यंत्रावर घेतलं, दोन इंच रुंदीच्या टेपवर. 1969 मध्ये रॉकच्या मैफलीला 16 ट्रॅक नेणं ही मोठीच गोष्ट होती. गिटार, दोन्ही ड्रम, बास सगळे सुटे असल्यामुळेच आजही त्यात हवा खेळते.

मग 'फिलमोर वेस्ट 1969', 27 फेब्रुवारी ते 2 मार्च या चार रात्रींतला निवडलेला तीन डिस्कचा संच. पूर्ण चार रात्री दहा डिस्कमध्ये 2005 ला आल्या होत्या, ते मोजक्याच प्रतींचं काम होतं.

त्यानंतर मागे या : 'टू फ्रॉम द व्हॉल्ट', ऑगस्ट 1968, लॉस एंजेलिसचं श्राइन ऑडिटोरियम. मूळ टेप 8 ट्रॅकची, पण एकाच ड्रमचा आवाज वेगवेगळ्या माइकवर वेगवेगळ्या वेळी पोचला होता. आवाजाला 34 सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. स्टेजवर माइक चार-पाच मीटर दूर असले की आवाज एकमेकांना खातात. प्रत्येक माइकचा उशीर मोजून ट्रॅक सरकवले, तेव्हा 1992 ला ती ऐकण्याजोगी झाली.

'अँथम ऑफ द सन' घ्याल तर 1968 चं मूळ मिक्स घ्या. स्टुडिओ आणि अनेक मैफली एकमेकांवर रचल्या आहेत, आणि 1971 च्या मिक्समध्ये तो दाटपणा कमी झालाय. 2018 च्या आवृत्तीत दोन्ही आहेत, सोबत ऑक्टोबर 1967 ची विंटरलँडची मैफलही.

---

खर्जातला

यात 'डिक्स पिक्स 22' जोडा, फेब्रुवारी 1968, लेक टाहो. टेप खडबडीत आहे, गळे दबलेले आहेत, पण बँड तेवढ्या आवेगाने नंतर क्वचित वाजलाय.

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर साउंडबोर्डच्या, म्हणजे मिक्सरमधून घेतलेल्या, टेप 2005 पासून फक्त ऐकता येतात, उतरवता येत नाहीत. प्रेक्षकांतून केलेल्या उतरवता येतात, पण साठच्या दशकातल्या तशा फारच थोड्या. एकाच तारखेच्या चार-पाच प्रती दिसल्या तर आधी सोबतची टेक्स्ट फाइल वाचा : मूळ रीळ, त्यावरून काय, मधे किती कॅसेट. मधे कॅसेट कमी, तितकी खरखर कमी. आणि वेग दुरुस्त केलाय का, ते तिथेच लिहिलेलं असतं.

गिरगावकर, तुम्ही दुरुस्त केलेली फाइल कुणाला देणार असाल तर मूळ, हात न लावलेली फाइल वेगळी जपून ठेवा आणि टेक्स्टमध्ये 0.944 हा आकडा लिहा. पुढच्याला आपली दुरुस्ती उलटवता आली पाहिजे.

---

गिरगावकर

अल्बमशी ताडलं. पहिल्या कडव्याआधीचं वादन जुळतंय, रात्र तीच. '68' वर 'न्यू पोटॅटो कबूस' आहे, 'सेंट स्टीफन' नाही, ऑर्गनवर बँडचा मूळचा वादक पिगपेनच वाटतोय. पूर्ण यादी उद्या टाकतो.

---

उत्तररात्र

म्हणजे बहुधा 1968 चा पूर्वार्ध. यादीसोबत प्रत्येक गाण्याची लांबी आणि तुकडा कुठे पडलाय ते मिनिट-सेकंदात लिहा, वेग दुरुस्त केल्यानंतरचं. त्यावरून फिरत असलेल्या प्रतींशी ताडून पाहतो.